ढगातले रिकामे सर्व्हर

४ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

विनंती विशेष काही नाही, तक्रार मात्र विशेष आहे. फोनवरच सांगणार होते, पण गेल्या रविवारी आपलं बोलणं चालू असताना तुमचा फोन 'कट झाला'. कट होताना तो टेबलावर आपटल्यासारखा आवाज आला, पण त्याला तुम्ही तरी काय करणार! म्हणून पत्र. पत्र मध्येच तोडता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

तुमची लेक, म्हणजे आमच्या सूनबाई, आठवडाभर तुमच्याकडे विश्रांतीला आल्या आहेत. घेवोत बापड्या. नवरा-बायको एका कंपनीत असले की घरचं भांडण ऑफिसात जातं असं ऐकलं होतं. आमच्याकडे ते ऑफिसातून घरी आलं. तिने तुम्हाला काय सांगितलंय ते ठाऊक नाही, म्हणून खरं काय ते मी सांगते.

रुग्णवाहिकेसाठी कुणी फोन केला की जवळची मोकळी गाडी कोणती हे शोधून देणं, हे या कंपनीचं काम. फोन घेणाऱ्या मुलीच्या पुढ्यातला संगणक लांबच्या सर्व्हरला हाक मारतो, 'बाबा रे, गाडी शोध', आणि तो सर्व्हर शोधून उत्तर देतो. हे सर्व्हर असतात कुठे विचारलं, तर चिरंजीव म्हणतात, क्लाउडमध्ये. ढगात! माझा जन्म शाळा चालवण्यात गेला. ढगात लक्ष असलेले पुष्कळ पाहिले, पण त्यांच्या भरवशावर कुणी रुग्णवाहिका सोडल्या नव्हत्या.

असो. अलीकडे या हाका वाढल्या आणि सर्व्हर तुंबायला लागले. चिरंजीव विभागप्रमुख. त्याने आणखी सर्व्हर भाड्याने घेतले. मुलं वाढली की शिक्षक वाढवावेत, यात न कळण्यासारखं काय आहे? पण सूनबाई भर बैठकीत, मोठ्या साहेबांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "कितीही सर्व्हर आणा, काम जुन्यांच्याच डोक्यावर पडतंय." स्वतःच्या नवऱ्याला. विभागप्रमुखाला!

हुशार आहेत, वादच नाही. ती हुशारी कुठे आणि कुणासमोर काढावी एवढंच शिकायचं राहिलं. ते माहेरी शिकवतात असा आमचा समज होता. विश्रांती झाली की पाठवून द्या.

तुमची विहीण,
मुलाची आई


११ मार्च

विहीणबाईंना बेकरीतून नमस्कार.

पत्र मिळालं. शुद्धलेखनाची चूक शोधून पाहिली, नाही सापडली. एक गाळलेली जागा मात्र सापडली, ती भरून पाठवते.

लेक इथे विश्रांतीला आलेली नाही. त्या बैठकीनंतर तिची बदली झाली. सर्व्हरचं काम काढून घेतलं आणि माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या विभागात नेऊन बसवलं. आदेशावर सही कुणाची? जावईबापूंची. घरी बायकोला सांगायची हिंमत झाली नाही. तिला ते ऑफिसच्या ईमेलमधून कळलं. त्या संध्याकाळी दोघं समोरासमोर जेवायला बसली आणि हा गृहस्थ बोलला काय, तर "मीठ दे." तुम्हाला यातलं काही माहीत नव्हतं असं मी म्हणत नाही. वर्गात पाठ फिरवली तरी मुख्याध्यापिकेला सगळं दिसतं, असं तुम्हीच लग्नात सांगत होता.

आता ती काय म्हणत होती ते ऐका. मला तिने दुकानाच्या भाषेत समजावलं, कारण दुसरी मला येत नाही. समजा दुकानात काउंटर आहेत आणि दारात एक माणूस उभा आहे. येणाऱ्याला तो सांगतो, तू या काउंटरला जा, तू त्या. त्याला म्हणायचं लोड बॅलन्सर. नाव भारदस्त, काम दरवानाचं. तो फक्त आत शिरताना बघतो. आता यांचं गिऱ्हाईक कोण, तर फोन घेणाऱ्या केंद्रांची दोन-चार मोठी यंत्रं. ती एकदा आत शिरली की बाहेर पडतच नाहीत. दरवेळी लाइन नव्याने जोडण्यात वेळ जातो, म्हणून जोडलेली लाइन धरून ठेवतात आणि त्याच काउंटरवर दिवसभर ऑर्डरीवर ऑर्डरी सोडतात. गर्दी झाली की जावईबापू नवे काउंटर उघडतात. तिथे पोरी नटूनथटून बसतात आणि गिऱ्हाईक येत नाही, कारण दारातून नवीन कुणी शिरतच नाही! जुन्या काउंटरवरच्या मात्र मरतात.

उपाय तिने त्याच बैठकीत सांगितला होता. दरवानाने माणसं वाटू नयेत, एकेक ऑर्डर वाटावी. हे ऐकून मोठे साहेब म्हणाले, "पुढच्या तिमाहीत बघू." आणि तुमचे चिरंजीव मान हलवत राहिले. ती हो म्हणून हलत होती की नाही म्हणून, ते लेकीला सांगता आलं नाही.

माहेरी आम्ही एवढंच शिकवलं, की पाव करपत असेल तर करपतोय म्हणावं, भट्टीशी कोण का उभं असेना.

तुमची विहीण,
मुलीची आई


१७ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

पावाच्या दुकानावरून रुग्णवाहिका चालतात हे नवीन ज्ञान मिळालं, आभारी आहे.

चिरंजीवाला मी सरळ विचारलं. त्याने मला ऑफिसातला आलेख काढून दाखवला. सगळ्या सर्व्हरवर मिळून कामाचा सरासरी भार पाहिला तर निम्म्याहूनही कमी. भाराची पट्टी हिरवीगार, म्हणजे सगळं आलबेल. सरासरी हा विषय मी स्वतः शिकवला आहे, तेव्हा तो मला कुणी दुकानाच्या भाषेत समजावण्याची गरज नाही. आकडे खोटं बोलत नाहीत. शिवाय वेळेवर यंत्रणा वाढवली म्हणून मोठ्या साहेबांनी त्याला सर्वांसमोर पुष्पगुच्छ दिला. तो आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे. फुलं कागदाची आहेत, म्हणजे टिकतील.

बदलीचं म्हणाल तर ती कामाच्या सोयीसाठी होती. मला ठाऊक होतं. सांगण्यासारखं वाटलं नाही.

तो अगदी मजेत आहे, काळजी नसावी. इतका मजेत आहे की परवा गॅसवर दूध ठेवून त्याच्यासमोरच उभा राहिला आणि ते उतू जाताना पाहत राहिला. काल दोन वेगळ्या जोडांतले बूट घालून ऑफिसात गेला. मी काही बोलले नाही. विभागप्रमुखांना कुणी काही बोललेलं चालत नाही, हे आमच्या घरात सध्या सगळ्यांना कळलं आहे.

सूनबाईंची खोली झाडून ठेवली आहे. सहज सांगितलं.

तुमची विहीण,
मुलाची आई


२४ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

सरासरी तुम्ही शिकवली, मी भोगली. माझ्या दुकानात सहाजणी आहेत. सणकून गर्दी असते तेव्हा एक घामाघूम होते आणि पाच कोपऱ्यात मोबाइल बघतात. सरासरी काढली तर सगळ्या अगदी आरामात! ती एक चक्कर येऊन पडली तरी सरासरी आरामातच. तुमच्या हिरव्या पट्टीला हेच दुखणं आहे, असं लेक म्हणते. जितके जास्त रिकामे सर्व्हर आणाल तितकी पट्टी हिरवी होणार. मग साहेब आणखी कागदाची फुलं देणार. मला तर वाटतं या धंद्यात सर्व्हर विकणारा तेवढा खरा शहाणा.

लेक पहाटे माझ्याबरोबर उठून पीठ मळते. पिठाला असं बुकलते की पाव आजकाल फार हलके होतायत, गिऱ्हाईकं खूश आहेत. काल मी म्हटलं, "फोन कर की त्याला." तर म्हणाली, "आई, चूक झाली याचं मला काही नाही. त्याला कळलं होतं. मी बोलत होते तेव्हाच त्याच्या चेहऱ्यावर दिसलं की त्याला पटलंय. आणि तरी त्याने सही केली."

यावर तुम्हाला उत्तर सुचलं तर कळवा, आकडेवारीसकट.

तुमची विहीण,
मुलीची आई


१८ एप्रिल

विहीणबाई,

उत्तराला उशीर झाला. कामं होती.

अक्षर वाकडं आलंय, पेन बदललं आहे. फोन करू नका, आमचा फोन सध्या नीट लागत नाही.

सूनबाईंना एक विचारा. त्या जुन्या काउंटरवर रांग तुंबली, की मागच्या ऑर्डरीचं पुढे होतं काय? म्हणजे कुणी गाडी मागितली आणि तो प्रश्न रांगेत अडकला, तर तो शेवटी जातो कुठे?

नुसतं कुतूहल म्हणून विचारते.

मुलाची आई


२५ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार!

कुतूहल! तुम्हाला! आमच्या पावाच्या दुकानाबद्दल! पत्र मी दोनदा वाचलं आणि भट्टीवरच्या माणसालाही वाचून दाखवलं. एवढीशी चार ओळींची चिठ्ठी, नमस्कारसुद्धा नाही, पण ठीक आहे. हरलेल्या माणसाने फार बोलू नये हे बरं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर लेकीकडून घेतलं ते असं. प्रश्न कुठेच जात नाही, रांगेत उभा राहतो. थोड्या वेळाने फोन घेणारीचा संगणक कंटाळतो आणि तोच प्रश्न पुन्हा पाठवतो. पहिला रांगेत आहेच, त्याच्यामागे हा दुसरा. मग तिसरा. सगळेच असं करतात, म्हणजे रांग दुप्पट-तिप्पट होते. सर्व्हर बिचारा अशा हाकांना उत्तरं देत बसतो ज्यांची कुणी वाटच पाहत नसतं, आणि ज्याचा जीव खरंच टांगणीला आहे तो मागेच. शेजारी नवेकोरे सर्व्हर जांभया देत असतात.

एक सांगायचं राहिलं. हे सांगता सांगता लेक थांबली आणि म्हणाली, "आई, त्यांनी असं का विचारलं?" मी म्हटलं, उपरती झाली असेल म्हातारपणी. ती म्हणाली, "त्या प्रश्न विचारत नाहीत. त्या उत्तरं देतात." आणि उठून बॅग भरायला लागली. मी पुष्कळ सांगितलं की चार ओळींवर एवढं पाघळू नकोस, जरा ताणून धर. ऐकेल तर शपथ! हे पत्र तुम्हाला मिळेल तेव्हा ती तुमच्या दारात असेल.

तुम्ही काय जादू केलीत ते कळवा, मलाही गिऱ्हाइकांवर करून पाहता येईल.

तुमची विहीण,
मुलीची आई


२ मे

विहीणबाईंना नमस्कार.

पेन बदललेलं नाही. मी झोपून लिहीत होते.

मागच्या महिन्याच्या सुरुवातीला, सकाळी चिरंजीव ऑफिसला गेल्यावर मी स्टुलावर चढून कपाटावरचा डबा काढायला गेले. या वयात स्टुलावर चढू नये असं मी इतरांना नेहमी सांगते. डबा हातात आला, स्टूल निघून गेलं. मांडीचं हाड मोडलं. आवाज मी स्वतः ऐकला.

नशिबाने फोन गाऊनच्या खिशात होता. रुग्णवाहिकेचा नंबर लावला. फोन घेणारी मुलगी गोड आवाजाची होती.

"आजी, पत्ता मिळाला. गाडी शोधतेय हं."

मी वाट पाहिली.

"आजी, स्क्रीन अजून नुसती फिरतेय. तुम्ही बोलत राहा माझ्याशी. काय करत होता?"

"मुख्याध्यापिका होते."

"तसं नाही हो आजी, आत्ता काय करत होता?"

तेवढ्यात तिच्या मागून दुसरा आवाज आला, "माझंही अडकलं गं!" मग तिसरा. मला त्याच क्षणी कळलं, विहीणबाई. दुखण्याने डोळ्यांपुढे अंधारी येत होती, पण तुमचं दुकान मला लख्ख दिसत होतं. त्या मुलीने शेवटी हातातलं सगळं सोडून एकेका चालकाला स्वतः फोन लावायला सुरुवात केली. तोवर मी स्वयंपाकघरातल्या टेबलाची खालची बाजू पाहत पडून होते. तिथे जाळी झाली आहेत.

गाडी आली तेव्हा मला उचलता उचलता चालक म्हणाला, "मावशी, मी तुमच्या मागच्याच गल्लीत उभा होतो. गाडी पुसून तयार. मला निरोपच आला नाही."

चिरंजीव रुग्णालयात धावत आला. माझा हात धरला आणि म्हणाला, "आई, गाडी लगेच आली ना?"

मी म्हटलं, "लगेच."

तेव्हापासून रोज तेच चाललं होतं. शेजारणीला सांगितलं लगेच आली, डॉक्टरांना सांगितलं लगेच आली. डॉक्टर पायाकडे बघत राहिले. तुम्हाला तर सांगितलंच नाही, कारण तुम्ही दुकानाच्या गल्ल्यावर बसून हसला असता.

सूनबाई आली ती बॅगही खाली न ठेवता सरळ माझ्या पलंगाशी. चिरंजीव मला सूप भरवत होता. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"आई, खरं सांगा. किती वेळ पडून होता?"

आता मला सांगा, घरात शिरल्या शिरल्या सासूला कुणी असं विचारतं? नमस्कार नाही, चौकशी नाही. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज मात्र ठाम होता. माझ्या शाळेत अशी एक जरी शिक्षिका असती तर मी लवकर निवृत्त झाले असते, निश्चिंतपणे.

मी सांगितलं. सगळं. त्या मुलींचे आवाज, मागची गल्ली, सगळं.

चिरंजीवाच्या हातातला चमचा तसाच राहिला. म्हणाला, "पण त्या सकाळी पट्टी हिरवी होती. मी स्वतः पाहिली होती."

सूनबाई म्हणाली, "असणारच."

बाकी पुढे लिहीन. हात दुखतोय, यावेळी खरंच.

मुलाची आई


८ मे

अहो बाई,

पडलात! हाड मोडलं! आणि मला पेनाची गोष्ट सांगता? आणि मी मूर्ख, ती चिठ्ठी भट्टीवर वाचून दाखवत होते! तुमची हार झाली म्हणून दोन दिवस गिऱ्हाइकांना बिस्किटं वाटली मी. आता त्यांच्याकडून परत कशी मागू?

हसले असते म्हणता? हसले असतेच. येऊन, तुमच्या पलंगाशी बसून, तुमचे पाय चेपत हसले असते. मोडलेला सोडून.

लेकीचा फोन आला होता. जावईबापूंनी दुसऱ्या दिवशी बैठक बोलावली म्हणे, सगळ्यांना, साहेबांसकट. उभं राहून सांगितलं, "हिने सांगितलं तेव्हा मला पटलं होतं. मी घाबरलो. नंतर त्या रांगेत माझी आई होती." साहेबांनी म्हणे मोकळेपणाच्या संस्कृतीवर छोटंसं भाषण केलं आणि त्या मोकळेपणाचं श्रेय स्वतःला घेतलं. धन्य आहे.

लेकीने त्याच दिवशी तात्पुरतं एक केलं. लाइन जुनी झाली की सर्व्हरच नमस्कार करून ती सोडवतो, मग गिऱ्हाइकाला पुन्हा दारातून यावं लागतं आणि रिकाम्या काउंटरलाही वाटा मिळतो. मग दरवान बदलला. हा नवा एकेक हाक बघून वाटतो. सगळे सर्व्हर कामाला लागले. एवढे लागतच नव्हते असं निघालं, निम्मे परत केले. मी विचारलं, कागदाची फुलंही परत केली का? तर हसली. किती दिवसांनी हसली.

बदली रद्द झाली तरी त्याच्या हाताखाली परत जाणार नाही, असं तिने स्पष्ट सांगितलंय. वेगळा विभाग मागितलाय, जिथून त्याला नाही म्हणता येईल. घरी मात्र राहणार आहे. तुमच्यासाठी असं म्हणते. विश्वास ठेवू नका, नवरा आवडतो तिला. माझ्या डोक्याबाहेरचं आहे.

मी पुढच्या आठवड्यात येते. स्टूल लपवून ठेवा.

तुमची विहीण,
मुलीची आई


३० मे

विहीणबाईंना नमस्कार.

तुम्ही येऊन गेलात आणि घर एकदम गप्प झालं. तुम्ही केलेली बिस्किटं संपली. तक्रार करावी असं त्यांत काही सापडलं नाही, पुन्हा पाठवलीत तर अजून शोधीन.

तुम्ही गेल्यावर घडलं ते सांगते. त्या सकाळी माझ्यासारखे आणखी कोण कोण अडकले होते, हे चिरंजीवाने काढलं. कंपनीच्या वकिलांनी त्याला कुणाशीही बोलू नकोस असं लेखी कळवलं. त्याने लेखीच उत्तर दिलं की पत्र मिळालं. आणि मग सुट्टीच्या दिवशी दोघं नवरा-बायको एकेका घरी जाऊन आली.

एका घरी बाळ सोफ्यावरच जन्मलं होतं. दोन्ही जीव सुखरूप, बाळाच्या आजीने मात्र चिरंजीवाला दारातच असं धुतलं की तुम्ही आणि मी मिळूनही धुऊ शकलो नसतो. एका ठिकाणी एका माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि दार लावलं. एका घराला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी जे सांगितलं ते त्याने मला सांगितलं नाही. सूनबाईनेही नाही. मी विचारलं नाही.

परत आला तो माझ्या खोलीत येऊन खुर्चीवर बसला. सूनबाई दारात उभी होती. तो म्हणाला, "आई, रुग्णालयात मी विचारलं तेव्हा तू खोटं का बोललीस?"

मी म्हटलं, "तू उत्तर मागितलं नव्हतंस रे. नुसतं 'हो' मागितलं होतंस. ते दिलं."

त्याने बूट काढले, नीट एका बाजूला ठेवले. मग बायकोकडे वळून म्हणाला, "आपल्याकडे आणखी काय काय बिघडलंय?"

तिने दाराशी असलेली दुसरी खुर्ची ओढून घेतली.

"नीट बस," ती म्हणाली. "वेळ लागेल."

तुमची विहीण,
मुलाची आई